खंड कोणाचा? रिकार्डोचा सिद्धान्त आणि दख्खनचा मिरासदार

मालमत्तेचा हक्क कोठून उपजतो? ज्याने जमिनीत आपले श्रम मिसळले त्याची ती, असे उत्तर जॉन लॉकने सतराव्या शतकात दिले. त्यातील पेच ॲडम स्मिथने १७७६ मध्ये दाखविला: जमीन खाजगी झाली की जमीनदार स्वतः न राबताही उत्पन्नात वाटा मागतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये या वाट्याचे शास्त्र मांडले. लागवडीखालील सर्वांत निकस जमिनीतून मशागतीचा खर्च आणि भांडवलावरील नेहमीचा नफा तेवढा सुटतो. सुपीक जमीन त्याहून अधिक देते तो खंड. तो मातीच्या अंगच्या कसाचा, श्रमाचा नव्हे. मग तो सरकारने घेतला तरी उत्पादनाला झळ लागणार नाही, असा निष्कर्ष जेम्स मिलने काढला. हा मिल १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता.

इंग्लंडात हा युक्तिवाद बड्या जमीनदारांवर रोखलेला होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर तो दख्खनमध्ये आला तेव्हा त्याच्यासमोर उभा होता मिरासदार: वंशपरंपरेने जमीन धारण करणारा, सरकारला सारा देणारा आणि बहुधा स्वतःच औत धरणारा. हेलीबरीला माल्थसच्या हाताखाली शिकलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगलने पुणे जिल्ह्यातील जमिनींची पाहणी केली, उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा घातला आणि निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे ठरविले. मोजणी सदोष निघाली, धान्याचे भाव उतरले, आणि इंदापुरासारख्या तालुक्यांत शेते ओस पडली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये तेथे हलका आकार बसवून तो ३० वर्षांसाठी कायम केला.

चूक केवळ मोजणीची होती असे आम्हांला वाटत नाही. आजोबाने विहीर खणली, बापाने बांध घातले. आज त्या शेतात जास्त पिकते, ते मातीचे की घराण्याच्या घामाचे? रिकार्डोने हा भेद विचारात नेमका केला होता. पाहणी कारकुनाला तो शेतात कसा करता यावा? पुढे मुंबई इलाख्यात, शेतकऱ्याने स्वखर्चाने केलेल्या सुधारणांपायी त्याचा आकार वाढवू नये, असे तत्त्व रूढ झाले. लॉकचे श्रमाचे उत्तर अशा रीतीने सारापद्धतीत परत आले. पण ते येण्याआधी बरीच शेते पडीक झाली होती.