जुन्या बंदुकीचे मोल

२०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील नेवाडा राज्यात ग्रेट बेसिन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील पुरातत्त्व विभागाची मंडळी डोंगराळ भागात पाहणी करीत हिंडत असता एका ज्युनिपर वृक्षाच्या खोडाला टेकून उभी असलेली बंदूक त्यांच्या दृष्टीस पडली. दस्त्याचे लाकूड उन्हापावसाने करडे पडून तडकले होते, त्याचा तळ मातीत रुतला होता आणि लोखंड गंजून तपकिरी झाले होते. कोणी तरी ती घटकाभर तेथे टेकवून ठेवली आणि तो मनुष्य परत आलाच नाही.

ही बंदूक म्हणजे विंचेस्टर कंपनीची १८७३ च्या नमुन्याची रायफल. श्रोतेहो, बाजारातल्या दृष्टीने पाहिले तर ती मोडीतच काढावयाची. परंतु तिचे मोल ठरविण्यापूर्वी अशा बंदुकांची पारख कशी करतात, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

या जातीच्या बंदुकीत चापाभोवतीचे लोखंडी कडे हीच एक तरफ असते. ते कडे खाली ढकलून पुन्हा वर ओढले की झाडलेल्या काडतुसाचे टरफल बाहेर पडते, घोडा चढतो आणि नवे काडतूस नळीत शिरते. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली अशा बंदुकीचे एकस्व मिळविले. तिला भांडवल पुरविणारा ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. १८६६ साली त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि १८७३ साली लोखंडी चौकटीचा, ४४ आकाराच्या काडतुसाचा नमुना बाजारात आला. तो इतका लोकप्रिय झाला की पुढील अर्धशतकात अशा सुमारे ७,२०,००० बंदुका तयार झाल्या. आरंभी पन्नास डॉलरच्या आसपास असलेली किंमत १८८२ पर्यंत पंचवीस डॉलरवर आली. तेव्हा केवळ वय झाले म्हणून ही बंदूक दुर्मिळ ठरत नाही. तिची पारख निराळ्या रीतीनेच करावी लागते.

माझा पेशा कचेरीचा. वीस वर्षे कागद तपासताना एक सवय जडली आहे. मजकूर वाचण्याआधी शिक्का, तारीख आणि खाडाखोड पाहावयाची. शस्त्रांचे पारखीही हेच करतात, हे वाचून मला मौज वाटली. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतल्यावर ते प्रथम पाहतात तो तिचा अनुक्रमांक. तो दस्त्याला जोडणाऱ्या खालच्या पट्टीवर कोरलेला असतो. वायोमिंग राज्यातील कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. अमुक क्रमांकाच्या बंदुकीची नळी गोल होती की अष्टकोनी, काडतूस कोणत्या आकाराचे होते, कोठारातून ती कोणत्या दिवशी बाहेर पडली, हे त्या वह्यांवरून कळते. वहीत अष्टकोनी नळीची नोंद असून हातातल्या बंदुकीची नळी गोल असेल, तर मागाहून कोणी तरी अदलाबदल केली आहे हे उघड होते.

त्यानंतर स्क्रूंची डोकी पाहावयाची. त्यांच्या खाचा फाटलेल्या असल्या तर बंदूक अडाणी हातांनी उघडली गेली आहे. लाकूड आणि लोखंड जेथे भेटतात तेथे, कारखान्यातून निघताना, लाकूड लोखंडाच्या किंचित वर असते. ते खाली गेले असेल तर दस्त्यावर काचकागद फिरला आहे. कडा बोथट आणि अक्षरे पुसट असूनही वरची निळी झिलई नवीकोरी दिसत असेल, तर ती झिलई मागाहून चढविलेली आहे. नळीच्या आत मळसूत्री आटे असतात. जुन्या काळ्या दारूची काजळी वेळीच पुसली नाही तर ते गंजाने खाल्ले जातात. अखेरीस, मूळची झिलई शेकडा किती उरली आहे याचा अंदाज करून भाव सांगितला जातो.

या पारखीत अत्यंत महत्त्वाचा नियम असा की जुनी बंदूक उजळावयाची नाही. दसऱ्याला शस्त्र घासूनपुसून लखलखीत करावे आणि मग गंधफूल वाहावे, ही आपल्या घरची रीत. पूजेला ती शोभून दिसते. पण शंभर वर्षांच्या बंदुकीवर हौसेने कानस चालविणारा मनुष्य, तिची शोभा वाढवितो आहे असे समजत असता, तिची साक्षच पुसून टाकतो. झिलई पुन्हा चढविता येते, परंतु झिजलेली कड आणि पुसलेले अक्षर पुन्हा आणता येत नाही.

लोभापायी होणारे नुकसान तर याहून मोठे. नेमबाजीच्या चाचणीत ज्यांच्या नळ्या सर्वोत्तम ठरल्या त्या बंदुकांवर ‘हजारांत एक’ अशी अक्षरे कोरून कंपनीने त्या १८७५ पासून शंभर डॉलरला विकल्या. १८७३ च्या नमुन्यात त्या जेमतेम एकशे तीस-पस्तीस निघाल्या. १९५० साली याच बंदुकीवर एक बोलपट आला, त्या निमित्ताने उरलेल्यांचा शोध झाला आणि त्यांचे भाव चढले. तशी अक्षरे आजही एखादा कसबी कारागीर कोरू शकेल. त्याला थोपविणारी वस्तू एकच, ती कारखान्याची वही. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी योद्धे दस्त्यावर पितळी खिळे ठोकून शोभा आणीत. आता भाव वाढावा म्हणून साध्या दस्त्यांवर तसे खिळे ठोकणारे विक्रेतेही आहेत.

हा प्रश्न केवळ भावाचा नाही. ‘पश्चिम प्रदेश जिंकणारी बंदूक’ अशी विंचेस्टरची जाहिरात पुढे होत असे. तो प्रदेश कोणाकडून जिंकला, हे त्या जाहिरातीत नसे. २५ जून १८७६ रोजी मोंटाना प्रदेशातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा नाश केला. १९८३ साली वणव्याने तेथील गवत जळाले आणि पुढील दोन वर्षांत रणभूमीचे रीतसर उत्खनन झाले. घोड्याच्या आघाताने काडतुसाच्या बुडावर उमटणारी खूण प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. त्या खुणा ताडून, एकच बंदूक रणांगणावर कोठून कोठे गेली याचा माग संशोधकांनी काढला. सैनिकांजवळ एकेरी बाराची स्प्रिंगफील्ड बंदूक होती, तर योद्ध्यांपैकी अनेकांजवळ हेन्री आणि विंचेस्टर होत्या, हे त्यातून दिसून आले. ज्यांची बाजू सरकारी दप्तरात क्वचितच आली, त्यांची साक्ष ही टरफले देत होती. ती कोणी घासून चकचकीत केली असती, तर ती साक्ष कायमची गेली असती.

आता पुन्हा त्या वृक्षाखालच्या बंदुकीकडे येऊ. तिच्या क्रमांकावरून कोडीच्या वहीत १८८२ साल सापडले, पण ती कोणी घेतली याची नोंद सापडली नाही. क्ष-किरणांनी पाहता नळी रिकामी निघाली, मात्र दस्त्याच्या पोकळीत एक न झाडलेले काडतूस होते. त्याच्या बनावटीचा काळ १८८७ ते १९११ असा ठरला. म्हणजे १८८७ पूर्वी ती तेथे विसरली गेली नव्हती, एवढे या एका काडतुसाने सांगितले. संग्रहालयाने तिला नवी झिलई दिली नाही, नवा दस्ताही बसविला नाही. ठिसूळ लाकूड सावरून घेतले, बाकीची करडी छटा, तडे आणि गंज तसेच राखले आणि पुढे ती बंदूक उद्यानाच्या स्वाधीन केली.

जुन्या वस्तूची किंमत सांगणारे पुष्कळ भेटतात. तिने जे सोसले ते तिच्या अंगावर राहू देणारे थोडे असतात. आपल्या घरी वाडवडिलांची एखादी वस्तू पेटीत पडून असेल, तर ती उजळावयास घेण्यापूर्वी ती काय सांगते आहे, हे एकदा शांतपणे पाहावे.