आधी त्याचं घर मोड
डोंबिवलीत खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या सांभाळणं हा हट्टाचा उद्योग आहे. समुद्र लांब, आणि जवळची खाडी असून उपयोगाची नाही. पावसाळ्यात तिच्यात उल्हास नदीचं गोडं पाणी भरतं, एरवी गाळ आणि कारखान्यांचं सांडपाणी. तरीही ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात नव्वदच्या दशकापासून अशा टाक्या दिसू लागल्या. मी त्या भरतो, धुतो आणि त्यांत नवे मासे सोडतो. या शेवटच्या कामाची रीत माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेली. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून हा प्रपंच.

इथल्या बहुतेकांनी खाऱ्या पाण्यातला रंगीत मासा पहिल्यांदा पाहिला तो तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या शाळेच्या सहली चर्नी रोडला उतरल्या. तिथे काचेमागे काच, एकेका जातीला वेगळी जागा. घरी मात्र चार फुटांची एकच टाकी, आणि हौस सगळ्या माशांची. माशांच्या भांडणाचं मूळ तिथेच होतं, पण त्याला खतपाणी घातलं ते आमच्याच धंद्याच्या एका रिवाजाने.

नवी टाकी लगेच माशांना मानवत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत, दगडांत वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तेवढे दिवस तगणारा मासा म्हणजे डॅमसेल: बोटभर लांब, निळाभोर, स्वस्त आणि चिवट. म्हणून ‘टाकी चालू करायला’ आधी चार डॅमसेल सोडायचे, अशी पद्धत पडली. जगभर तीच होती, इथेही तीच आली. पण प्रवाळात राहणारा हा मासा खडकाचा एक तुकडा आपला मानतो, नर तिथे अंडी राखतो आणि स्वतःच्या दुप्पट-तिप्पट माशालाही हुसकावून लावतो. दोन महिन्यांनी गिऱ्हाईक हौसेने टँग किंवा बटरफ्लाय मासा आणतं, तोवर टाकीतल्या प्रत्येक कपारीला मालक मिळालेला असतो. महागाचा पाहुणा हीटरच्या मागे कोपऱ्यात उभा राहतो, शेपटीच्या कडा फाटलेल्या, खाण्याकडे बघतसुद्धा नाही.

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने फ्लोरिडाच्या प्रवाळांत आणि स्वतःच्या टाक्यांत हे बारकाईने पाहिलं. १९६३ साली आक्रमकतेवरचं त्याचं पुस्तक आलं, १९७३ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं निरीक्षण असं की प्रवाळातला मासा सर्वांत जास्त चिडतो तो आपल्याच जातीवर. समुद्रात पाठलाग झालेला मासा निघून जातो आणि प्रकरण मिटतं, टाकीत निघून जायला जागाच नसते. तसं हे पाहायला प्रवाळापर्यंत जायची गरज नाही. ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीच्या चिखलावर निवट्या हे मासे बघा. पाठीवरचा पर उभारून एक निवटी शेजारणीला आपल्या बिळापासून कशी हटवते, ते काठावरून स्पष्ट दिसतं.

कल्याणला ज्या काकांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी लोरेन्झचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्या वेळी टाकीत शोभेला रामेश्वरमकडून आलेली मेलेली पांढरी प्रवाळं असायची. दिव्याखाली त्यांच्यावर शेवाळ धरायचं आणि ती हिरवट-तपकिरी दिसायची. मग दर पंधरवड्याला ती बाहेर काढायची, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायची, भरपूर धुवायची, गच्चीवर उन्हात वाळवायची आणि पुन्हा मांडायची. काकांचा दंडक होता: नवा मासा सोडायचा तो याच दिवशी.

“आधी त्याचं घर मोड, मग पाहुणा सोड,” ते म्हणायचे.

“पण काका, मांडणी छान जमली होती हो.”

“छान तुला. त्या निळ्याला ती पाठ झालीय. उलटीसुलटी कर.”

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. दिवा बंद. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची म्हणजे तापमान सारखं होतं. मग मासा बादलीत घ्यायचा आणि मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी लावून टाकीचं पाणी थेंबथेंब त्या बादलीत. नळीवरचं चाक अंगठ्याने फिरवत ते थेंबांची गती ठरवायचे, आणि चहाला उठतानासुद्धा दुसऱ्याला तिथे बसवून जायचे. जुन्या माशांना आधी पोटभर खायला घालायचं. मग प्रवाळं नव्या जागी, आणि सर्वांत शेवटी पाहुणा. डॅमसेल दुपारभर आपली कपार शोधत फिरायचा. हल्ला कुठल्या हद्दीवरून करायचा हेच त्याला उमगत नसे, आणि तेवढ्या वेळात नवा मासा स्वतःची जागा धरायचा. स्वच्छतेसाठी पडलेल्या प्रथेतून काकांनी हे ओळखलं होतं. माशाची हद्द पाण्यात नसते, खडकात असते. या धंद्यात मला मिळालेलं सर्वांत मोलाचं ज्ञान हेच.

ही रीत संपली ती दोन कारणांनी. २००१ साली प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली आणि त्यांची विक्री बंद झाली. ते व्हायलाच हवं होतं. आमच्या शोभेसाठी मन्नारच्या आखातातून किती प्रवाळं निघाली असतील, या विचाराने आजही वाईट वाटतं. दुसरं कारण टाकीच्या बांधणीतलं. जकार्त्याचे ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवाणूंनी भरलेल्या खडकांवर टाकी तोलण्याची पद्धत जगापुढे मांडली होती. ती आमच्याकडे फार उशिरा पोचली. यात खडक धुवायचे नसतात, कारण पाणी शुद्ध करणारे जिवाणू त्यांतच राहतात. ते एकमेकांना चिकटवून कायमचे बसवतात. म्हणजे हद्दीही कायमच्या.

त्यातच २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि ज्यांनी गोड्या पाण्यातली गप्पीसुद्धा पाळली नव्हती, त्यांच्या मुलांना नीमोसारखा क्लाऊनफिश हवा झाला. पुढे आली भारनियमनाची वर्षं. मुंबईत दिवे असायचे, डोंबिवलीत तासन्‌तास अंधार. त्या काळात किती मासे गुदमरून गेले, ते आठवायला नको वाटतं. पण त्या अंधाराने एक गोष्ट शिकवली: संध्याकाळी वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लावून त्याच वेळी मासा सोडायचा. जुने मासे निजायला कपारीत शिरलेले असतात आणि नव्याला रात्रभर उसंत मिळते.

खडक हलवता येईनात, तेव्हा भोकांची टोपली आली. परदेशात यासाठी पारदर्शक पेट्या मिळतात. मी बाजारातली प्लॅस्टिकची जाळीदार टोपली थर्माकोलवर तरंगवतो आणि पाहुणा त्यात काही दिवस ठेवतो. पहिल्या दिवशी डॅमसेल जाळीवर धडका मारतो. तो टोपलीसमोर निवांत खाऊ लागला की दार उघडायचं. धडका थांबल्याच नाहीत, तर उलट करायचं: डॅमसेल टोपलीत आणि टाकी पाहुण्याला मोकळी. टँगच्या शेपटीशी धारदार काटा असतो, म्हणून टँगवर दुसरा टँग आणताना मी बाहेरून काचेला आरसाही लावतो. जुना टँग आपल्या प्रतिबिंबाशी झगडत राहतो.

आता ठाणे खाडीच्या काठी ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने शोभिवंत सागरी माशांचं बीजोत्पादन केंद्र उभं केलं आहे, लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या तांत्रिक मदतीने. ज्या खाडीचं पाणी आम्ही कधी टाकीत घेऊ शकलो नाही, तिच्याच काठी क्लाऊनफिशची पैदास होते, याचा मला मनापासून आनंद आहे. टाकीत जन्मलेल्या पिल्लाला प्रवाळावरून ओरबाडून आणावं लागत नाही, आणि कोरड्या खाण्याची सवय त्याला आधीपासून असते.

टाकी चालू करायला आता बाटलीतले जिवाणू मिळतात, मासा पणाला लावावा लागत नाही. तरी घोडबंदरच्या एखाद्या नव्या घरातून फोन येतो, “दादा, पहिल्यांदा ते निळे चार सोडू या ना.” मी त्यांना यादी करून देतो: आधी बुजरे, मग क्लाऊनची जोडी, मग टँग, आणि निळा हवाच असेल तर एकच, तोही सर्वांच्या शेवटी.