फूटभर पाण्यासाठी

सन १९७२, उन्हाळा. नेवाडाच्या वाळवंटात ॲश मेडोज नावाच्या भागात तुम्ही चुनखडीच्या एका अरुंद कपारीत उतरता आहात. तळाशी पाणी दिसते. हेच डेव्हिल्स होल. पाण्यात हात घाला. ते ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास, कोमट आहे. थंडीत आलात तरी एवढेच असेल. या पाण्यात प्राणवायू जेमतेम आहे, तरी इंचभर लांबीचे पपफिश इथे फिरताहेत. नर निळसर चमकतात. पोटाखालचे पर यांना नाहीतच. निसर्गात ही जात फक्त याच एका डोहात आहे.

डोह १३० मीटरहून खोल आहे, पाणबुड्यांना अजून तळ लागलेला नाही. पण माशांचे जगणे मुख्यतः तोंडाशी असलेल्या उथळ खडकावर चालते. शेवाळ तिथेच वाढते आणि अंडीही तिथेच घातली जातात.

आता भिंतीवर ठोकलेला तांब्याचा वॉशर बघा. पाण्याची पातळी त्यावरून मोजतात. १९६८ पर्यंत पाणी त्याच्याखाली सरासरी १.२ फुटांवर असे. आज ते जवळजवळ चार फूट खाली गेले आहे. अडीच मैलांवर कॅपर्ट कुटुंबाच्या शेतमळ्याचे पंप जमिनीखालचे पाणी उपसताहेत आणि इथे खडक उघडा पडतो आहे.

वीस वर्षे मागे जा. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन डोहाभोवतीची ४० एकर जमीन डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारकात घेताहेत. मग थेट जून १९७६ मध्ये, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात या. उपशावरच्या खटल्याचा निकाल एकमताने लागतो: जागा राखली तेव्हाच माशांना जगवण्यापुरते पाणीही राखले गेले. उपशावर मर्यादा येते. पुढच्याच वर्षी पाण्याची किमान पातळी ठरते, वॉशरखाली २.७ फूट.

२०१३. गणतीत फक्त ३५ मासे. जवळच डोहाच्या वरच्या भागाची प्रतिकृती असलेली टाकी उभी राहते. २०२५. भूकंपाच्या हेलकाव्यांनी खडकावरचे शेवाळ आणि अंडी धुऊन नेली आहेत. गणतीत मासे ३८. या वेळी त्याच टाकीत वाढवलेले मासे डोहात सोडले जातात.

निकालाने ही जात कायमची सुरक्षित झाली नाही. पण माणसांना तिच्यासाठी धडपडायला पन्नास वर्षे मिळाली, ती त्या फूटभर पाण्यामुळेच. भूजल जमिनीखाली कुणाच्या सातबाऱ्यापुरते थांबत नाही. म्हणून उपशाला मर्यादा घालणे हेच तिथले खरे मत्स्यसंवर्धन आहे.