ऱ्हेसी

ऱ्हेसी : सौर ज्वालांतून निघणाऱ्या क्ष-किरणांचा व गॅमा किरणांचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने पाठवलेली अवकाशस्थ दुर्बीण. पूर्ण नाव ‘रूवेन रॅमॅटी हाय एनर्जी सोलर स्पेक्ट्रोस्कोपिक इमेजर’. कार्यकाल २००२ ते २०१८. ज्वालेतील उच्च ऊर्जेच्या किरणांची प्रतिमा व वर्णपट एकाच उपकरणाने मिळवणे हे तिचे वैशिष्ट्य होते.

पार्श्वभूमी : सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा एकाएकी मोकळी झाली की सौर ज्वाला भडकते. या ऊर्जेचा मोठा वाटा इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व इतर आयनांना वेग देण्यात खर्च होतो. वेगवान इलेक्ट्रॉन सूर्यवातावरणाच्या खालच्या दाट थरांवर आदळून अडतात, तेव्हा कठीण (उच्च ऊर्जेचे) क्ष-किरण बाहेर पडतात. आयनांच्या आघातांतून गॅमा किरण निर्माण होतात. कणांना वेग कोठे व कसा मिळतो, याचा माग या किरणांवरूनच काढता येतो. मात्र पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेत असल्याने दुर्बीण अवकाशातच असावी लागते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट लिन हे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. मार्च २००० मध्ये कंपन चाचणीच्या वेळी यानाला ठरवल्यापेक्षा सुमारे दहापट जोराचे हादरे बसून त्याची मोडतोड झाली आणि उड्डाण लांबणीवर पडले. अखेर ५ फेब्रुवारी २००२ रोजी विमानातून सोडलेल्या पेगॅसस रॉकेटने ते सुमारे ६०० किमी. उंचीच्या कक्षेत नेले. सौर गॅमा किरणांच्या अभ्यासाचा पाया घालणारे रूवेन रॅमॅटी २००१ मध्ये निवर्तले होते. उड्डाणानंतर त्यांचे नाव मोहिमेला देण्यात आले.

रचना व कार्य : कठीण क्ष-किरण भिंगाने एकवटता येत नाहीत. म्हणून ऱ्हेसीत भिंग किंवा आरसा नव्हता. १.५५ मी. अंतरावर समोरासमोर बसवलेल्या जाळ्यांच्या नऊ जोड्या होत्या. सर्वांत बारीक जाळीतील लागोपाठच्या पट्ट्यांमधील अंतर ३४ मायक्रॉन, तर सर्वांत जाड जाळीत ते २.७५ मिमी. होते. प्रत्येक जोडीमागे शुद्ध जर्मेनियमचा एक शोधक असे व तो सुमारे उणे २०० अंश से. इतका थंड ठेवला जाई.

संपूर्ण यान दर मिनिटाला सुमारे १५ वेळा स्वतःभोवती फिरे. चालत्या माणसाला दोन कुंपणांच्या फटींतून पलीकडचा दिवा जसा लुकलुकताना दिसतो, तसा सूर्यावरील स्रोत शोधकाला क्षणात दिसे, क्षणात झाकला जाई. या चढउतारांवरून पृथ्वीवर गणिताने प्रतिमा उभी केली जाई. यान फक्त प्रत्येक किरणकणाची वेळ व ऊर्जा नोंदवून पाठवी; कोणत्या क्षणाची, कोणत्या ऊर्जेची प्रतिमा हवी, हे अभ्यासकाने मागाहून ठरवायचे. ऊर्जेची कक्षा ३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ते १७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि कोनीय विभेदन सुमारे २.३ विकलांपर्यंत होते. मोठ्या ज्वालेत शोधक किरणांच्या माऱ्याने दबून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यापुढे ॲल्युमिनियमच्या चकत्या आपोआप सरकत. प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वी आड येई, त्या वेळच्या ज्वाला मात्र निसटत.

निरीक्षणे : १५ एप्रिल २००२ च्या ज्वालेत चुंबकीय कमानीच्या माथ्यावर, किरीटात (सूर्याच्या बाह्य वातावरणात), आणखी एक क्ष-किरण स्रोत आढळला. कमानीत वरवर जावे तसे तापमान वाढत होते, वरच्या स्रोतात मात्र ते वरवर कमी होत होते. म्हणजे ऊर्जेचा उगम या दोहोंच्या मधे असावा. चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात व त्यातून ऊर्जा सुटते, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले.

२३ जुलै २००२ च्या ज्वालेत गॅमा किरणांतील पहिली प्रतिमा मिळाली. न्यूट्रॉन हायड्रोजनमध्ये सामावला गेल्यावर निघणाऱ्या २.२२३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या किरणांवरून आयन कोठे आदळले ते कळते. ही जागा इलेक्ट्रॉनांच्या आघातस्थानापासून सुमारे १५,००० किमी. दूर निघाली. दोन्ही प्रकारचे कण एकाच ठिकाणी उतरत असतील, हे गृहीत त्यामुळे तपासून पाहावे लागले. पृथ्वीवरील गडगडाटी ढगांतून उसळणाऱ्या गॅमा किरणांचीही या यानाने नोंद केली.

अखेर व वारसा : दोन वर्षांसाठी आखलेली मोहीम सोळा वर्षे चालली व तिने एक लाखाहून अधिक क्ष-किरण घटना नोंदवल्या. संपर्कात अडचणी येऊ लागल्याने २०१८ मध्ये यान बंद करण्यात आले; २० एप्रिल २०२३ रोजी ते सहारा वाळवंटावर वातावरणात शिरले. २०२० मध्ये निघालेल्या युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानावरील स्टिक्स या उपकरणात जाळ्यांचेच तत्त्व वापरले आहे, मात्र त्यासाठी यान फिरवावे लागत नाही. भारताच्या आदित्य-एल१ वरील हेलिओस हे उपकरण संपूर्ण सूर्याच्या कठीण क्ष-किरणांचा वर्णपट घेते, प्रतिमा घेत नाही. ऱ्हेसीच्या नोंदी किरणकणागणिक जतन केलेल्या असल्याने जुन्या ज्वालांच्या प्रतिमा नव्या गणिती पद्धतींनी पुन्हा काढता येतात.