उकळीने लाकडातले विष जात नाही

चिंचिला पाळणाऱ्यांत एक विधी जवळजवळ सर्वमान्य आहे. फांदी आणायची, घासायची, अर्धा तास उकळायची, मग ओव्हनमध्ये भाजायची; एवढे केले की ती कुरतडायला निर्धोक. पातेल्यातले पाणी तांबूस झाले की विष उतरल्याचे समाधानही मिळते. हेतू चांगलाच आहे, तर्क मात्र लंगडा.

लाकडाची गरज खरी आहे. अँडीज पर्वतातल्या या प्राण्याचे दात जन्मभर वाढत राहतात. (दाढा झिजतात त्या मुख्यतः गवताने, लाकडाचा उपयोग पुढच्या दातांना.) पण कुरतडताना थोडे पोटातही जाते, आणि उंदीरवर्गातल्या या प्राण्याला ओकता येत नाही. म्हणून उष्णतेने नेमके काय जाते, हे आधी विचारले पाहिजे.

किडे आणि त्यांची अंडी जातात, हे मान्य. पण त्यासाठी उकळी कशाला? मालवाहतुकीच्या लाकडी खोक्यांसाठीच्या ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापला की पुरते.

विषाचे गणित निराळे. चेरी, पीच, जर्दाळू यांच्या सालीत आणि डहाळ्यांत सायनाइड सोडणारी ग्लायकोसाइडे असतात. उकळीने ती फोडणारे झाडातले विकर निकामी होते. पण फांदीत उरलेली ग्लायकोसाइडे आतड्यातले जिवाणूही फोडू शकतात. चिंचिलाच्या पचनाचा तर मोठा भार जिवाणूंवरच आहे. मुळांवाटे शोषले गेलेले कीटकनाशकही लाकडात भिनलेले असते. ते ब्रशला कसे दाद देणार?

राहिला तांबूस पाण्याचा पुरावा. खैरापासून काथ काढायचा तर गाभ्याचे बारीक तुकडे करून ते तासन्‌तास उकळावे लागतात. मग बोटभर जाडीची अख्खी फांदी अर्ध्या तासात सगळा अर्क ओतून मोकळी होईल, ही अपेक्षा भाबडी नाही का? पाण्यात दिसतो तो मुख्यतः सालीतल्या टॅनिनांचा रंग. निर्धोक झाडांची सालही पाणी रंगवते. ज्या सायनाइडची धास्ती, ते तर रंगहीन.

पाइनबाबत प्रतिपक्षाला एक मुद्दा द्यावाच लागेल. ताज्या पाइनमधली उडून जाणारी तेले भट्टीत वाळवताना बरीच कमी होतात, म्हणून भट्टीत वाळवलेले पाइन अनेकजण चालवून घेतात. पण ते लाकूड-कारखान्याच्या भट्टीचे काम, स्वयंपाकघरातल्या पातेल्याचे नव्हे.

शिवाय उकळलेली फांदी आणखी पाणी पिते. ओव्हनमधून वरवर कोरडी निघाली आणि घाईने डब्यात कोंबली, तर आत राहिलेल्या ओलीवर बुरशी धरते. म्हणजे शुद्धीच्या नावाखाली नवीच घाण.

माझ्या मते निवाडा झाडापाशीच होतो. सफरचंद, नासपती, विलो किंवा हेझल यांपैकी, फवारणी न झालेली फांदी घ्यावी. शेवाळ खरवडावे, साबण न लावता वाहत्या पाण्याखाली ताठ ब्रशने घासावी, किडीची शंका असल्यास ओव्हनच्या मंद आचेवर गाभ्यापर्यंत तापू द्यावी आणि हवेशीर जागी काही आठवडे वाळवावी. फवारणी झाली की नाही हे सांगणारे कोणी नसेल, तर सफरचंदाची फांदीसुद्धा नको.