तळटीप १२ : वऱ्हाडाचे दगड

१२. वऱ्हाडाचे दगड : शापाने शिळा झाल्याचे मानले जाणारे लग्नाचे वऱ्हाड. माहुलीचे (ता. शहापूर) नवरा, नवरी व भटोबा हे सुळके याच कल्पनेतले. लासलगावच्या पुढे, मनमाडजवळ अंगठ्यासारखी उभी असलेली ‘हडबीची शेंडी’ही त्याच जातीच्या कातळाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. भोवतालचा भाग झिजला, टणक गाभा उरला. वऱ्हाडाची कथा अनेक डोंगरांवर सांगतात, तेव्हा तिच्यात तथ्य असणारच, असा आक्षेप येतो. पण कातळ एकच, झीज सारखी, आणि पाहणाऱ्याच्या मनातला लग्नमंडपही तोच. मग कथा निराळी कशी होईल? म्हणून मजकुरातला ‘शाप’ हा सुळक्याच्या आकाराला लोकांनी दिलेला अर्थ समजावा, त्याचे कारण नव्हे.