मे गुस्ता म्हणजे मला आवडते

इजिप्तमध्ये रोझेटा गावाजवळ १७९९ साली नेपोलियनच्या सैनिकांना एक शिलाखंड सापडला. त्यावर पुरोहितांचा एकच ठराव तीन प्रकारे कोरलेला होता. वर चित्रलिपी, मध्ये डेमोटिक आणि खाली ग्रीक. पैकी ग्रीक विद्वानांना येत होते. त्या ओळखीच्या भाषेचे बोट धरूनच पुढे १८२२ मध्ये शांपोलियाँने चित्रलिपीचे कोडे सोडवले. भाषांतर पद्धतीचे याहून मोठे स्मारक जगात नसेल!

आणि गंमत पाहा. १९९२ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, हॅरिसनबर्ग या छोट्या शहरात, ॲलन स्टॉल्ट्झफस आणि त्यांच्या आप्तांनी भाषा शिकवणारे सॉफ्टवेअर काढले. त्याला नाव दिले 'रोझेटा स्टोन', आणि त्यातून भाषांतर मात्र पार हद्दपार केले. स्टॉल्ट्झफस जर्मनीत राहून सहज जर्मन शिकले होते, पुढे वर्गात बसून रशियन शिकू गेले तर ते काही जमेना. तेव्हा परदेशी राहण्याचा अनुभव संगणकात उतरवावा, ही त्यांची कल्पना. पडद्यावर चार चित्रे, कानावर एक वाक्य, योग्य चित्र निवडा. व्याकरण नाही, अर्थ सांगणे नाही. मूल शिकते तसे शिका.

कल्पना जुनीच. १८७८ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी भाषेची शाळा काढली. त्यांनी निकोलस झोली नावाचा फ्रेंच मदतनीस नेमला, तर त्याला इंग्रजी येतच नव्हते! बर्लिट्झ आजारी पडले, वर्ग झोलीच्या गळ्यात पडला. काही आठवड्यांनी येऊन बघतात तो विद्यार्थी चक्क फ्रेंच बोलत होते. ही कथा खुद्द बर्लिट्झ संस्थाच सांगत आली आहे, तेव्हा तिला थोडे तिखटमीठ लागलेले असणार. पण मुद्दा खरा आहे. शिवाय त्या शहरांत नाना देशांचे लोक येऊन राहिलेले. वर्गात एक पोलिश, एक इटालियन, एक स्वीड. शिक्षक कोणाच्या मातृभाषेत समजावणार? तिथे मातृभाषा बाजूला ठेवणे ही मोठी सोय होती. पुढे सोयीचेच तत्त्व झाले, आणि संगणकाला तर ते फारच मानवले. तीच चित्रे आणि तोच क्रम घेऊन माल जगभर विकता येतो.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाचन उत्तम, व्याकरण चोख, पण साहेब समोर आला की त-त-प-प! हा दोष मी नाकारत नाही. जन्मभर वर्गात तो पाहिला आहे.

मी स्वतः वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी असल्याच एका सॉफ्टवेअरवर स्पॅनिश शिकलो (कोणत्या, याला महत्त्व नाही). पाचव्या दिवशी चित्रात आंबा आला आणि वाक्य आले, 'मे गुस्ता एल मांगो'. मग आंब्यांची रास आली, 'मे गुस्तान लोस मांगोस'. मी खुर्चीतच हसलो. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात! इंग्रजी माणसाला हे वाक्य महिनोन् महिने छळते. त्याच्या भाषेत आवडणारा माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये कर्ता आंबा, क्रियापद आंब्याच्या वचनाप्रमाणे चालते आणि माणूस बिचारा चतुर्थीत. हे आपल्याला नवीन आहे का? संस्कृतात 'मे रोचते' म्हणतात, आणि ज्याला आवडते त्याची चतुर्थी सांगायला पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे.

असे किती सांगू! पांढरा बोका, पांढरी मांजर, तसे 'गातो ब्लांको, गाता ब्लांका'. विशेषणाने नामाच्या लिंगामागे जायचे, हे आपल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. त आणि द हे दंत्य उच्चार इंग्रजाच्या तोंडी सहसा ट-डकडे झुकतात, आपल्याकडे तयार आहेत. जवळच्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणतात. होय, तूच! वडीलधाऱ्याला 'उस्तेद'. मराठी विद्यार्थ्यासमोर शिक्षकाने ही पाच वाक्ये मराठीत बोलावीत, त्याचे तीन आठवडे वाचतील. पण त्या पडद्याला माझी मातृभाषा ठाऊकच नव्हती. त्याने मला तीन वर्षांचे बाळ समजून चारदा आंबा दाखवला. चार वेळा ऐकल्याने कान तयार होतो हे खरे, आणि बोलायची भीती गेली हेही खरे. तेवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण सत्तरीच्या माणसाच्या पोतडीत दोन-तीन भाषा आधीच असतात, त्या दाराबाहेर ठेवून आत या, हे म्हणणे मला पटत नाही.

स्पॅनिश शिकताना गाणी ऐकू लागलो आणि त्यामागोमाग साल्साची प्राथमिक पावलेही शिकायला घेतली. तिथेही शिकवणी चित्रफितीवरच. बघा आणि करा. एक-दोन-तीन, चारला थांबा. पाच-सहा-सात, आठला थांबा. बरेच दिवस पाय अडखळत होते. मग लक्षात आले, अरे, हा आपल्या केरव्यासारखाच आठ मात्रांचा हिशेब! पहिल्या मात्रेला डावा पाय पुढे, पाचवीला, म्हणजे खालीवर, उजवा पाय मागे. मागे वाजणाऱ्या क्लावे म्हणजे टिपऱ्यांसारख्या दोन काठ्या. त्यांचे ठोके पाच, एका अर्ध्यात तीन आणि दुसऱ्यात दोन. हे एकदा तबल्याच्या भाषेत मांडल्यावर पाय आपोआप जागेवर पडू लागले. गुडघ्यांचे विचारू नका.

या नाचांच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो क्यूबाचा व्हायोलिनवादक एन्रिके होरिन. हवानाच्या नृत्यगृहांत तो 'ओर्केस्ता आमेरिका' या वाद्यवृंदात वाजवत असे. त्या वेळच्या दान्सोन-माम्बोत ठेक्याला हुलकावणी देणाऱ्या जागा फार, आणि सामान्य नाचणाऱ्यांची पावले चुकत. होरिनने त्यांना दोष दिला नाही, समोरच्या पायांकडे बघून चाल बदलली. सुरावट ठोक्यावर आणली. त्याची 'ला एंगान्यादोरा' ही रचना १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि क्यूबाभर गाजली. त्या सोप्या चालीवर नाचणारे तीन झटपट पावले टाकत, त्यांच्या चपला जमिनीवर घासून आवाज येई. त्यावरूनच होरिनने नव्या प्रकाराला नाव दिले, चा-चा-चा.